रंग गेला, पण पाणी शुद्ध झालं का?

कुवेतमध्ये एकही नदी नाही. आपण खैरानला जे पाणी वापरतो ते समुद्राचं, मीठ काढून गोडं केलेलं. जवळच अझ-झूरला त्याचा मोठा प्रकल्प आहे. त्यामुळे पाणी शुद्ध करायला यंत्रं, इंधन आणि पैसा लागतो, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. गावाकडे आपल्याला नद्या आयत्या मिळाल्या आहेत. त्यांच्यात आपण जे सोडतो, त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आज लिहितो : कापड रंगवून उरलेलं पाणी.

उदाहरण इचलकरंजीचं घेऊ. पंचगंगेकाठच्या या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गाव 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' झालं आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटली. मागावरून उतरलेलं कापड धुणं, ब्लीच करणं, रंगवणं ही कामं प्रोसेसिंगच्या कारखान्यांत होतात आणि त्यांना पाणी भरपूर लागतं. पंचगंगेच्या प्रदूषणात शहरांच्या मैलापाण्याबरोबर या पाण्याचाही वाटा आहे. ही नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे वरच्याने सोडलेलं खालच्या गावांना भोगावं लागतं.

सुती कापडाला बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. त्यातला सगळा रंग सुताला चिकटत नाही, बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमभर रंग असला तरी डोळ्यांना दिसतो. रंग उन्हाने विटू नये, साबणाने जाऊ नये, म्हणून त्याचा रेणू मुद्दामच चिवट बनवलेला असतो. हाच चिवटपणा सांडपाण्यात नडतो. नेहमीच्या प्रकल्पातल्या जिवाणूंना तो सहजी पचत नाही. चुना-तुरटी टाकून रंग खाली बसवता येतो, पण मग रंगीत गाळाचे ढीग साठतात. म्हणजे कचरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

यावर उपाय म्हणजे रेणूच तोडायचा. बऱ्याच रंगांत नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते. तिला 'अ‍ॅझो' बंध म्हणतात. हा बंध तुटला की रंग जातो. तो तोडणारा पहिलवान म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल. ओझोन आणि क्लोरीनपेक्षाही हा जोरकस, पण अत्यंत अल्पायुषी. बाटलीत भरून आणता येत नाही, लागेल तिथेच तयार करावा लागतो. त्याची जुनी रीत फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १८९४ साली ही अभिक्रिया मांडली. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातलं की हे रॅडिकल तयार होतात. मात्र पाणी बरंच आम्लधर्मी, पीएच ३ च्या आसपास ठेवावं लागतं आणि शेवटी लोखंडाचा थोडा गाळ उरतोच.

आता अल्ट्रासाउंड, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज. तो पाण्यात सोडला की अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि क्षणार्धात आतल्या आत कोसळतात. त्या सुईच्या टोकाहून लहान जागेत तापमान काही हजार अंशांवर आणि दाब शेकडो वातावरणांवर जातो. बाहेरचं पाणी मात्र जवळजवळ होतं तसंच. त्या उष्णतेने पाण्याचाच रेणू फुटतो आणि आपला पहिलवान जन्माला येतो. नुसत्या अल्ट्रासाउंडने काम हळू होतं आणि वीज फार जाते. पण पेरॉक्साइड, ओझोन किंवा फेंटनच्या जोडीला दिला तर दोघं मिळून बेरजेपेक्षा जास्त काम करतात.

प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात हे छान जमतं. कारखान्याच्या टाकीत मात्र ध्वनिलहरी दूरवर पोचत नाहीत. मुंबईच्या आयसीटीत, म्हणजे माटुंग्याच्या जुन्या यूडीसीटीत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे या प्राध्यापकांनी यावर बरंच संशोधन केलं. त्यांनी अभ्यासलेला एक मार्ग असा, की पंपाने पाणी बारीक भोकांच्या चकतीतून जोरात ढकलायचं. बुडबुडे तसेच तयार होतात आणि मोठ्या प्रमाणावर खर्चही आवाक्यात येऊ शकतो.

एवढं झाल्यावर पाणी नितळ दिसतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एरर मेसेज दिसेनासा झाला म्हणजे बग गेला, असं कुणी मानत नाही. इथेही तेच. रंग तुटला तरी त्याचे तुकडे पाण्यातच असतात आणि कधीकधी ते मूळ रंगापेक्षा विषारी निघतात. ते पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळायला जास्त वेळ आणि जास्त रसायन लागतं. शिवाय मीठ! गडद रंग सुतावर चढावा म्हणून लिटरला ५० ग्रॅमच्या वरही मीठ घालतात, म्हणजे रंगाचा हौद आपल्या खैरानच्या समुद्राहून खारट. ऑक्सिडेशनने हे मीठ तसूभरही कमी होत नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरने हा धडा महागात घेतला. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले डाइंग कारखाने बंद करायला सांगितले. पुढे त्यांना रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवन बसवावं लागलं. खारं पाणी गोडं करायला आखातात वापरतात, तीच ही तंत्रं.

म्हणून मंडळी, कुठल्याही प्रकल्पाचं नितळ पाणी कुणी ग्लासात धरून दाखवलं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. सीओडी किती उतरला? क्षार किती राहिले? गाळ कुठे गेला? आणि चौथा प्रश्न स्वतःला : हा खर्च छोट्या प्रोसेसवाल्याने एकट्याने सोसायचा, की त्याचं कापड स्वस्तात घेणाऱ्या आपणही दोन पैसे जास्त मोजायचे?