क्रीडाश्रेष्ठत्व, ऑलिंपिकमधील

ऑलिंपिकच्या निरनिराळ्या क्रीडाप्रकारांतील खेळाडूंचे परस्परसापेक्ष श्रेष्ठत्व ठरविताना सामान्यतः पदकांची संख्या प्रमाण मानली जाते. या निकषानुसार अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स (२००४–१६ या काळात २८ पदके, पैकी २३ सुवर्ण) अग्रस्थानी येतो. तथापि पदकसंख्या खेळाडूच्या गुणवत्तेइतकीच त्या खेळाच्या कार्यक्रमावरही अवलंबून असते. जलतरणात अंतर व शैली बदलून आणि सांघिक शर्यतींत भाग घेऊन एकाच खेळाडूस अनेक पदके मिळविता येतात; फेल्प्सने २००८ मध्ये बीजिंगला मिळविलेल्या आठ सुवर्णपदकांपैकी तीन सांघिक शर्यतींतील होती. हॉकीपटूला मात्र एका ऑलिंपिकमध्ये एकच पदक मिळू शकते. त्यामुळे ध्यानचंद यांच्या नावावर १९२८, १९३२ व १९३६ अशी तीनच सुवर्णपदके आहेत. पुढील दोन ऑलिंपिक तर महायुद्धामुळे झालीच नाहीत. मल्लांचेही तसेच. मातीच्या आखाड्यात घडलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले व १९५२ मध्ये हेल्सिंकीला गादीवरील कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक फेल्प्सच्या आकड्यांशेजारी मांडल्याने त्याचे मोल कळत नाही.

म्हणून खेळाडू आपल्याच खेळातील प्रतिस्पर्ध्यांच्या किती पुढे व किती काळ होता, हे पाहणे अधिक ग्राह्य ठरते. क्यूबाचा मल्ल मीहाईन लोपेस याने ग्रीको-रोमन कुस्तीच्या सर्वांत वजनी गटात २००८ ते २०२४ पर्यंत सलग पाच सुवर्णपदके जिंकली. एकाच वैयक्तिक प्रकारात असे पूर्वी कोणासही साधले नव्हते. बॉब बीमनने १९६८ मध्ये मेक्सिको सिटी येथे ८·९० मी. लांब उडी मारून आधीचा विक्रम एकदम ५५ सेंमी.ने मागे टाकला व तो १९९१ पर्यंत टिकला. अर्थात तेथील विरळ हवा आणि नियमाच्या कमाल मर्यादेइतका, म्हणजे सेकंदाला २ मी. वेगाचा, पाठीमागून वाहणारा वारा त्यास अनुकूल होता.

भिन्न प्रकारांतील कामगिरी एकाच मापाने मोजण्याची सोय डेकॅथ्लॉनमध्ये आहे. तेथे वेळ व अंतर यांचे कोष्टकाच्या आधारे गुणांत रूपांतर करतात. पण हे कोष्टकही संकेतानेच ठरते. १९८४ मधील कामगिरीबद्दल ब्रिटनचा डेली टॉमसन व पश्चिम जर्मनीचा यूर्गेन हिंगसेन यांचे गुण जुन्या कोष्टकानुसार समान, म्हणजे ८,७९८ भरतात. १९८५ च्या कोष्टकानुसार त्याच कामगिरीचे अनुक्रमे ८,८४७ व ८,८३२ गुण झाले आणि जागतिक विक्रम एकट्या टॉमसनकडे राहिला.