मोहफूल, चिन्नोर आणि वाघ

चैत्रात रामटेक-पेंचच्या रानात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. वास गोड, काहीसा उग्र, पण त्यात भाजल्यासारखा एक खमंगपणाही असतो. तो येतो टू-असिटाइल-वन-पायरोलिन या रेणूमुळे. मोहाच्या फुलात हा रेणू कसा घडतो, यावरचं संशोधन पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं.

हाच रेणू अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी यांनी १९८२ मध्ये शिजलेल्या सुवासिक तांदळात ओळखला होता. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचा भात रटरटायला लागला की घरभर दरवळतो तो हाच. पाण्याच्या दहा अब्ज भागांत याचा एक भाग असला, तरी नाकाला कळतो! आणि १९९० मध्ये रतनलाल ब्रह्मचारी व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की, वाघ हद्द आखण्यासाठी झाडांवर जे फवारतो, त्यातही हा रेणू आहे. भात, फूल आणि वाघ यांना जोडणारा हा धागा मला विदर्भाच्या रानातलं मोठं नवल वाटतं.

मग अत्तराच्या कुपीत तो का नाही? कारण तो टिकत नाही. शुद्ध स्वरूपात लवकर विघटित होतो. म्हणून खमंग छटेसाठी सुगंधकार पायराझिन गटातल्या संयुगांकडे वळतात. शेंगदाणे भाजताना अमिनो आम्लं आणि साखरा यांच्या अभिक्रियेतून हीच तयार होतात. ती अगदी कणभर वापरायची, नाहीतर करपल्याचा वास येतो.

खमंगपणाच्या जोडीला सायीसारखी स्निग्ध छटा हवी असेल, तर ती देतात लॅक्टोन नावाची संयुगं. लोणी कढवताना काही मेदाम्लांच्या साखळ्यांतून पाणी निघून जातं, टोकं जुळतात आणि वलय बनतं. तुपात लॅक्टोन लोण्यापेक्षा जास्त असतात ते यामुळेच. खोबऱ्याच्या वासाचं गॅमा-नोनालॅक्टोन सुगंधकारांच्या रोजच्या वापरातलं. गेरलाँच्या १९१९ सालच्या ‘मित्सुको’ या अत्तरातली पीचची मऊ छटा गॅमा-अनडेकालॅक्टोनची. चंदनाची स्निग्धता मात्र लॅक्टोनची नव्हे, मुख्यतः बीटा-सँटॅलॉलची.

पुन्हा मोहाकडे वळू. त्याची किंमत आपण आजवर मुख्यतः दारूच्या हिशेबानेच केली. नागपुरात १९४२ साली स्थापन झालेली, तेल-तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था आहे. तिने मोहफुलाचा अर्क आणि त्याचा टिकाऊपणा हा विषय हाती घ्यावा, आणि त्यातून काही उभं राहिलं तर पहाटे फुलं वेचणाऱ्या गोंड कुटुंबांचा वाटा आधी ठरवावा.