जादा पगाराची वसुली : घाबरू नका, आधी हिशेब मागा

नोकरदार माणसाच्या घराचे गणित पहिल्या तारखेवर बसलेले असते. किराणा, घरभाडे, मुलांची फी, पतपेढीचा हप्ता, गावी पाठवायचे पैसे हे सारे पगार हाती येण्यापूर्वीच वाटले गेलेले असते. अशा घरात एखाद्या दिवशी कार्यालयाचे पत्र येते की, आपणास गेली काही वर्षे जादा रक्कम अदा झाली असून ती वसूल करण्यात येत आहे. शिपाई, सफाई कामगार, परिचर, कनिष्ठ लिपिक यांच्या घरात या एका पत्राने चूल थंडावते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे याच वर्गातील असल्याने या विषयाची माहिती प्रत्येक घरी असणे आवश्यक आहे.

जादा रक्कम जाते कशी? बहुतेक वेळा चूक कार्यालयाची असते. नव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती चुकते. शासकीय निवासस्थान मिळाल्यावरही घरभाडे भत्ता चालू राहतो. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची चूक तेव्हा उघडी पडते. विधवा भगिनींच्या बाबतीत कुटुंब निवृत्तिवेतन आधी काही वर्षे वाढीव दराने व नंतर साध्या दराने मिळते. दर बदलण्याची तारीख नोंदवायची राहिली, की वाढीव रक्कम खात्यात जमा होतच राहते. बँकेत काम करताना अशी प्रकरणे नेहमी नजरेस येतात.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. मग चुकून मिळालेले पैसे ठेवावेत काय? चूक आपल्या ध्यानात आली असेल, तर ती त्याच दिवशी लेखी कळवावी, हे शीलाला धरून आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही हिताचे आहे. परंतु ज्याला वेतननिश्चितीचा तक्ता वाचताही येत नाही, त्याने मिळालेला पगार विश्वासाने घेतला व तो मुलाबाळांवर खर्च झाला, तर त्याला चोर ठरविता येत नाही. त्याने शरमेने मान खाली घालण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हाच विचार मान्य केला आहे. 'पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह' या प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ रोजी दिलेल्या निकालात, कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नसताना कोणत्या परिस्थितीत वसुली करता येणार नाही, हे सांगितले आहे. ते असे :

१) कर्मचारी वर्ग तीन किंवा वर्ग चारचा (गट क व ड) असेल;
२) तो निवृत्त झाला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षात निवृत्त होणार असेल;
३) वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल;
४) वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचे वेतन दिले असेल;
५) वसुली अन्यायाची किंवा अति जाचक ठरेल असे न्यायालयाला वाटले असेल.

मात्र २९ जुलै २०१६ च्या दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयाने असे म्हटले की, जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र ज्याने वेतननिश्चितीच्या वेळी दिले आहे, त्याच्याकडून निवृत्तीनंतरही वसुली करता येते. त्या प्रकरणातही रक्कम दोन वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत घ्यावी असा आदेश झाला. म्हणून कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. हे निकाल सरकारी सेवेसंबंधी आहेत. खाजगी व कंत्राटी नोकरीत ते जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही.

२०२० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका ८५ वर्षांच्या निवृत्तिवेतनधारकाकडून बँकेने चालविलेली वसुली रद्द केली. निवृत्तिवेतन ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हे या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले.

प्रत्यक्षात काय करावे? पत्र मिळताच ते कोणत्या तारखेस मिळाले हे लिहून ठेवावे. महिनावार हिशेबाचा तक्ता लेखी अर्जाने मागावा. तो मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागावा. चूक कोणाची, किती वर्षांची, हे पाहून वरील निकालाचा उल्लेख करीत हरकत नोंदवावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोडगा निघाला नाही, तर राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. वकिलाचा खर्च कसा करायचा, ही चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

रक्कम खरोखरच देय ठरली, तर हप्ते मागून घ्यावेत. समजा ४८,००० रुपये भरायचे आहेत. बारा हप्त्यांत महिना ४,००० जातील, चोवीस हप्त्यांत २,०००. घरखर्चाचा तक्ता अर्जासोबत जोडून झेपेल तोच हप्ता मागावा. एकरकमी भरण्यासाठी सावकाराकडे मात्र जाऊ नये. शेकडा तीन रुपये दराने ४८,००० वर महिन्याला १,४४० रुपये नुसते व्याज होते आणि मुद्दल तसेच उभे राहते.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख एक आहे. जे देणे न्यायाचे आहे ते शांतपणे फेडावे, जे न्यायाचे नाही त्याला लेखी हरकत घ्यावी. आपल्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आईवडिलांची, शेजारच्या आजींची अशी पत्रे त्यांना वाचून दाखवा, हिशेब तपासा, अर्ज लिहून द्या. शिक्षणाचा एवढा उपयोग प्रत्येक वस्तीत झाला, तरी अनेक घरे कर्जापासून वाचतील.

नमो बुद्धाय! जय भीम!