पाय धुणाऱ्यांच्या दारात बिशप

सरावलीत राहणाऱ्या मला ‘बिशप’ हा शब्द नेहमीच मुंबईचा वाटत आला. आमच्या डहाणूकडे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिशन आले ते अमेरिकेतल्या ब्रदरेन पंथाचे. जाणत्या वयात पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा, प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुवायचे, अशी त्यांची रीत. पाय धुणाऱ्यांत थोरला कोण आणि धाकटा कोण? प्रेषितांपासून हस्तार्पणाने चालत आलेली बिशपांची परंपरा त्यांच्या गावीही नव्हती.

अँग्लिकनांचे सारे या परंपरेवरच उभे. बिशपाचा हात डोक्यावर पडल्याखेरीज पाळक खरा नव्हे! ही गाठ सैल करणाऱ्यांत एक मुंबईचेच बिशप होते, एडविन जेम्स पामर. (मराठी कानाला आडनाव भलतेच नम्र वाटते.) जन्म १८६९चा. ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजातला हा विद्वान १९०८ साली मुंबईला आला आणि १९२९पर्यंत राहिला. त्या काळी बिशप नेमायचा तो इंग्लंडच्या राजसत्तेने. इथल्या अँग्लिकन मंडळीला सरकारपासून मोकळे करणारा कायदा १९२७ साली झाला. १९३०पासून तो लागू झाला.

पण पामरांची खरी कसोटी लागली दक्षिण भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याच्या बोलण्यांत. १९२०पासून बैठका चालल्या होत्या आणि अडत होते एकाच ठिकाणी : इतर पंथांच्या पाळकांना पुन्हा दीक्षा द्यायची का? आयुष्यभर सेवा केलेल्या माणसाला ‘तू आजवर पाळक नव्हतासच’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पामर स्वतः बिशपपदाचे कट्टर पुरस्कर्ते. तरीही आहेत त्या पाळकांना पुनर्दीक्षेविना स्वीकारावे, पुढच्या दीक्षा मात्र बिशपांच्या हातून व्हाव्यात, या तोडग्याला त्यांनी बळ दिले. इंग्लंडातल्या अनेक स्वकीयांना हे रुचले नाही. मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो. आपले पद दुसऱ्याच्या अपमानाशिवाय टिकवता येते, हे ओळखायला बिशपाला वेळ लागणारच.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिण भारताची एकत्रित मंडळी स्थापन झाली. पामर १९५४पर्यंत हयात होते, म्हणजे ती त्यांना पाहायला मिळाली. उत्तरेला आणखी २३ वर्षे लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, तसे ब्रदरेनही. इथे वाट निराळी निघाली : साऱ्यांनीच एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले, बिशपही त्यातून सुटले नाहीत. बाप्तिस्मा तान्हेपणी घ्यावा की जाणतेपणी, दोन्ही मुभा राहिल्या. पुढे काही ब्रदरेन त्यातून बाहेर पडले आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेले.