फरशीवर वाळलेला रुमाल

रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नागावच्या घरात न्हाणीच्या भिंतीला गुळगुळीत पांढऱ्या फरश्या आहेत. मी लहान असताना आई रुमाल धुतला की पिळायची नाही. टपटपता रुमाल ती तसाच फरशीवर चिकटवायची, तळव्याने मधून कडेकडे हवा काढायची, चारी कोपरे ताणायची आणि आपल्या कामाला लागायची. संध्याकाळी एका कोपऱ्याला नख लावलं की रुमाल चर्रकन सुटून यायचा. कागदासारखा ताठ, आणि त्यावर शोधूनही सुरकुती सापडायची नाही. वीज लागली नव्हती, कोळसा लागला नव्हता. तेव्हा मला ती आईची एक छोटीशी युक्ती वाटायची. रोजच्या कपड्यांना इस्त्री खरंच लागते का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या फरशीवर वाळत होतं, हे खूप उशिरा कळलं.

कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक गुंफून त्याच्या लांबच लांब साखळ्या बनतात. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींचा हात धरून असतात. एकेकटा बंध नाजूक असतो, पण असे बंध अगणित असतात, म्हणून कापड आपला आकार टिकवून ठेवतं. कापड भिजलं की पाण्याचे रेणू या साखळ्यांच्या मधे शिरतात. साखळ्या एकमेकींचे हात सोडून पाण्याचा हात धरतात, मोकळ्या होतात, इकडेतिकडे सरकतात. पाणी उडून गेलं की पुन्हा शेजारणीचा हात धरायचा, पण त्या क्षणी जी शेजारी असेल तिचा! पिळ्यात वाळलेलं कापड पिळ्याचा आकार धरतं, फरशीवर वाळलेलं फरशीचा. कपड्यावरची प्रत्येक सुरकुती म्हणजे पाणी निघून गेलं त्या वेळी ते कापड कसं पडलं होतं, याची खूण आहे.

आता इस्त्रीकडे बघा. चौकातला इस्त्रीवाला सुती कपड्यावर पाणी शिंपडतो आणि ते थोडा वेळ गुंडाळून ठेवतो. ओल सगळीकडे सारखी मुरावी, म्हणून. कोरडंठाक सुती कापड नुसत्या उष्णतेने मऊ करायचं तर 200 अंशांच्याही वर जावं लागेल, आणि तिथे ते करपायला लागेल. ओल्या कापडाला त्याहून कितीतरी कमी उष्णता पुरते. म्हणजे साखळ्या सोडवण्याचं मुख्य काम पाणी करतं, त्यांना सपाट धरण्याचं काम वजन आणि ताण करतात. आईच्या फरशीने दिवसभरात केलं तेच इस्त्री दहा सेकंदांत उरकते. उष्णतेचा मोठा वाटा घाईचा आहे.

गंमत अशी की ‘इस्त्री’ या शब्दाचं मूळ पोर्तुगीज ‘एस्तिरार’ या क्रियापदाशी जोडलं जातं, आणि त्याचा अर्थ आहे ताणणं. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आहे. 1740 साली तो मराठ्यांकडे आला. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. तिथली माणसं तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ज्या शब्दाला आपण आज विजेच्या तापलेल्या वस्तूचं नाव समजतो, त्याच्या मुळाशी विस्तवाचा उल्लेखही नसावा, याचं मला फार नवल वाटतं.

विस्तव अर्थात होताच. तांब्यात निखारे घालून त्याचं बूड कपड्यावर फिरवत. पुढे कोळशाची जड पितळी इस्त्री आली. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीने 1882 साली घेतलं. पण परटाकडून आलेल्या नीटस घडीला आपण ‘परीटघडी’ म्हणतो, आणि या शब्दातही मान घडीला आहे.

मग समुद्राकाठी इस्त्री टिकत का नाही? मांडव्याच्या धक्क्यावरून सकाळच्या लाँचने मुंबईला कामावर जाणारा माणूस बघा. निघताना बाहीला सुरीसारखी धार असते. तासाभराने गेटवेला उतरेपर्यंत कोपराच्या आत चुण्या पडलेल्या असतात. हवा बेताची दमट असली तरी किलोभर कोरडा कापूस त्या हवेतून सुमारे 80 ग्रॅम पाणी ओढून घेतो. पॉलिएस्टर तेवढ्याच हवेतून जेमतेम 4 ग्रॅम घेतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80-90 टक्क्यांवर असते, तेव्हा सुती शर्ट याहून बरंच जास्त पाणी पितो. त्यात अंगाची ऊब, घाम आणि दुमडलेल्या कोपराचा दाब. ओल, ऊब, दाब ही तर इस्त्रीचीच सामग्री! फरक इतकाच, की इथे इस्त्री होते ती सुरकुतीची.

आणि मीठ. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे लाटांच्या तुषारांतलं मीठ घेऊन येतात आणि वलणीवरच्या कपड्यांवर सोडतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. किनाऱ्यावर वाळलेला कपडा संध्याकाळी पुन्हा दमट लागतो, त्यामागेही हेच मीठ असतं.

रायगड भाताचा मुलूख, त्यामुळे इथे कपड्याला खळ द्यायची ती भाताच्या पेजेची. त्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला. भात आणि कापूस दोन्ही एकाच साखरेचे, कणांना जोडणारा सांधा तेवढा वेगळ्या बाजूला वळलेला. त्या एवढ्याशा वळणामुळे एक आपल्याला पचतो आणि दुसरा पचत नाही, म्हणून एक पानात येतो आणि दुसरा अंगावर. खळ धाग्यांभोवती पातळ थर धरते आणि कपडा कडक होतो. पण ती बुरशीचं आणि कसरीचंही अन्न आहे, म्हणून आई खळीचे कपडे पावसाळ्याआधी धुऊन मगच ट्रंकेत ठेवायची.

सुरकुतीला मुळातच अडवण्याचेही प्रयत्न झाले. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे पॉलिएस्टर मिसळलेल्या टेरिकॉटचा शर्ट धुऊन झटकून वाळवला की घालायला तयार. कापसासाठी हे काम अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो (1916–2013) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. शिडीला पायऱ्या ठोकाव्यात तसे छोटे रेणू त्यांनी सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये पक्के बसवले. मग पाणी आलं तरी साखळ्या फारशा सरकत नाहीत. ‘इस्त्री नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुती शर्टांमागे हे रसायनशास्त्र आहे.

मे 2024 मध्ये सीएसआयआर या देशाच्या मोठ्या संशोधन संस्थेत ‘रिंकल्स अच्छे हैं’ ही मोहीम चालली. सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या, एवढंच मागणं. तिच्यामागे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांचा आग्रह होता. कपड्यांच्या एका जोडाच्या इस्त्रीमागे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. आपल्याकडे एक युनिट वीज तयार होताना साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे 1000 वॉटची इस्त्री सतरा मिनिटं अखंड तापत ठेवली, तर हा 200 ग्रॅमचा आकडा येतो. घरी हात भरभर चालला तर कमी येईल. पण घरात माणसं चार आणि वर्षाचे दिवस 365, हे धरलं की थोडकीही वीज थोडकी राहत नाही.

आमच्या किनाऱ्याने इस्त्रीविना दिवसही काढले आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ इथेच आदळलं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. आम्हाला पाण्याच्या पंपाची आणि दिव्याची आठवण रोज यायची. इस्त्रीची आठवण आल्याचं मला स्मरत नाही. कपडे झटकून वाळत घातले, हाताने सारखे करून घड्या घातल्या आणि त्यांच्यावर ट्रंक ठेवली.

म्हणून माझं उत्तर हे आहे: रोजच्या घरच्या कपड्यांना इस्त्री लागत नाही, त्यांना वाळताना लक्ष लागतं. पिळा हलका द्या. कपडा दोन-तीनदा जोरात झटका. कॉलर, बटणपट्टी आणि शिवणी ओल्या असतानाच बोटांनी ओढून सरळ करा. कोरड्या दिवसांत कपडा किंचित दमट असताना घडी घालून गादीखाली ठेवा. पावसाळ्यात मात्र असं करू नका, बुरशी येईल. तेव्हा हँगरला लावून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. इस्त्री राखून ठेवा ती लग्नाच्या सुती साडीसाठी, मुलाखतीच्या शर्टासाठी, गणपतीत आरतीला घालायच्या झब्ब्यासाठी. आणि असे कपडे चौकातल्या इस्त्रीवाल्याकडेच द्या. त्याच्या हातात कसब आहे आणि त्या कसबावर एक घर चालतं.

विश्वास बसत नसेल तर दोन सुती रुमाल घ्या. एक पिळून तसाच बोळा करून वाळवा, दुसरा खिडकीच्या काचेवर सपाट चिकटवा. परवा माझ्या मुलीने हे करून बघितलं. संध्याकाळी तिने काचेवरचा रुमाल सोडवला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, “याला इस्त्री कुणी केली?” मग तोच रुमाल पुन्हा भिजवून ती न्हाणीत गेली, आजीच्या फरशीवर लावायला.