विनोदाचे शस्त्र

पुणे जिल्ह्यातील सासवड गावाजवळून कऱ्हा नदी वाहते. सासवडच्या परिसरातील कोढीत या खेड्यात १३ ऑगस्ट १८९८ रोजी प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले. महाराष्ट्र त्यांना ‘आचार्य अत्रे’ म्हणून ओळखतो. कवी, नाटककार, शिक्षक, संपादक, चित्रपट निर्माते आणि राजकीय पुढारी अशी अनेक कामे या एकाच माणसाने केली. परंतु या सर्व कामांत त्यांच्या सोबतीला एकच गोष्ट सतत होती. ती म्हणजे विनोद.

अत्रे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. राम गणेश गडकरी यांना ते गुरुस्थानी मानीत. १९२५ साली ‘केशवकुमार’ या टोपणनावाने त्यांचा ‘झेंडूची फुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. गुलाब, जाई आणि पारिजात ही कवींची आवडती फुले. अत्र्यांनी मात्र घरोघरी दसऱ्याला तोरणात ओवला जाणारा झेंडू निवडला. या संग्रहात विडंबन कविता आहेत. विडंबन म्हणजे एखाद्या लेखनाची चाल आणि थाट तसाच ठेवून त्यात भलताच विषय भरणे. त्या काळी काही कवी विरहाची व्याकुळ गीते लिहीत असत. अत्र्यांनी तोच व्याकुळ सूर लावला आणि विरह कोणाचा दाखविला? कपडे घेऊन गेलेल्या परिटाचा! वाचक पोट धरून हसले. पण हसता हसता त्यांना एक गोष्ट उमगली, की मूळच्या कवितांतील काही भाव खरा होता आणि काही नुसता थाट होता. खरे आणि दिखाऊ यांतील अंतर हशाच्या एका झटक्यात उघडे पाडण्याची ही हातोटी अत्र्यांना पुढे राजकारणात फार उपयोगी पडली.

अत्र्यांनी उमेदीची बरीच वर्षे पुण्यात शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. इंग्लंडला जाऊन त्यांनी लंडन विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची पदविकाही मिळविली. मुलांची क्रमिक पुस्तके रुक्ष असू नयेत, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणूनच त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली. सोपी, रसाळ आणि कोणालाही समजेल अशी मराठी त्यांच्या लेखणीत आली ती वर्गात मुलांना शिकविताना, असे मानण्यास जागा आहे. १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ हे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले आणि नाटककार म्हणूनही त्यांचा लौकिक झाला.

राजकारणाशी त्यांचा संबंध प्रथम पुण्याच्या नगरपालिकेत आला. तेथे ते काँग्रेसच्या वतीने निवडून गेले. पुण्याच्या मोठ्या मंडईला पूर्वी एका इंग्रज गव्हर्नराचे नाव होते. ते जाऊन तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, त्यात अत्र्यांचा पुढाकार होता. १९४० साली त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू केले आणि १९४२ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकावर त्यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. एवढे यश पदरी पडल्यावर एखादा मनुष्य स्वस्थ बसला असता!

परंतु त्याच सुमारास महाराष्ट्रावर कसोटीचा काळ आला. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, ही लोकांची मागणी होती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्र सरकारच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि लोक संतापून रस्त्यांवर आले. पोलिसांच्या गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी निरनिराळ्या विचारांची माणसे तीत एकत्र आली. अत्रे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले.

घराघरांत शोक असताना विनोदाचे काय काम, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर अत्र्यांच्या लेखनातच सापडते. मेलेल्यांविषयी लिहिताना त्यांची लेखणी रडली आणि पेटली. विनोद त्यांनी राखून ठेवला तो सत्ताधाऱ्यांसाठी. सत्तेपाशी पोलीस असतात, तुरुंग असतात आणि त्यांहून मोठी गोष्ट म्हणजे तिचा दरारा असतो. हा दरारा लाठीने मोडत नाही. पण ज्या माणसाला पाहून सभेतले हजारो लोक एकदम हसतात, त्याला भिणे त्यांना पुढे कठीण जाते. मुंबईच्या शिवाजी पार्कवर अत्रे बोलावयास उभे राहिले की गिरणी कामगारांपासून प्राध्यापकांपर्यंत सारे ऐकत. अतिशयोक्ती हे त्यांचे आवडते हत्यार होते. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ असे काही घडले नाही, असे ते बेधडक सांगत. हिशेब कोणीच मागत नसे. बोलण्यातला रोख मात्र प्रत्येकाला कळे.

१९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीला मोठे यश मिळाले. अत्रेही विधानसभेवर निवडून गेले. कालपर्यंत नाटकगृहात हशा पिकविणारा लेखक आता विरोधी बाकांवरून सरकारला जाब विचारू लागला. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मात्र बेळगाव आणि कारवारचा मराठी मुलूख बाहेर राहिला, ही खंत समितीच्या लोकांना राहिली. राजकारणाच्या या धामधुमीतही त्यांचे नाट्यलेखन थांबले नाही. ‘तो मी नव्हेच’ हे गाजलेले नाटक १९६२ सालचे आहे.

अत्र्यांची लेखणी नेहमीच न्यायाने चालली, असे म्हणता येणार नाही. तिला आवर नसे. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यात मतभेदापेक्षा बोचरे शब्दच अधिक झाले. टोपी उडवावी तिथे कधी कधी त्यांनी डोकेच फोडले. ज्यांच्यावर असे घाव बसले, त्यांना त्या विनोदाचे हसू आले नसेल.

तथापि, याच लेखणीची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यावर अत्र्यांनी अत्यंत कठोर टीका केली होती. २७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. तेव्हा अत्र्यांनी ‘मराठा’तून नेहरूंवर एकामागून एक लेख लिहिले. त्यांत थट्टेचा एक शब्द नव्हता. एका मोठ्या माणसाच्या जाण्याने व्याकुळ झालेल्या मनाचे ते लेखन होते. पुढे ते ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या दैनिकातील नेहरूंवरची टीका वाचून लोक एके काळी टाळ्या पिटीत, तेच दैनिक हाती घेऊन त्या दिवसांत त्यांनी डोळे पुसले.

त्यानंतर पाच वर्षांनी, १३ जून १९६९ रोजी, मुंबईत आचार्य अत्रे यांचे निधन झाले.