उभ्या चौकटीतले लग्न

सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांच्या रंगमहालाविषयी बखरकारांनी जी हकीकत सांगून ठेविली आहे, ती बुलढाणा जिल्ह्यातील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. रंगपंचमीचा दरबार भरलेला असता, लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उधळीत असलेले पाहून लखुजीरावांच्या मुखातून हा जोडा शोभतो अशा अर्थाचे कौतुकाचे उद्गार निघाले, आणि ते निघताक्षणी मालोजीराजे भोसले उठून उभे राहिले व जमलेल्या मानकऱ्यांना साक्षी ठेवून त्यांनी जाधवराव आपले व्याही झाल्याचे जाहीर केले. जाधवांच्या वाड्यात यावरून नाराजी झाली, प्रकरण निजामशाही दरबारापर्यंत गेले, आणि अखेरीस १६०५ च्या सुमारास तो विवाह झाला. परंपरेने जपलेल्या या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, सहज निघालेल्या त्या शब्दाला वजन आले ते तो चारचौघांत उच्चारला गेला म्हणून, आणि ते चारचौघे पुढे कधीही त्या शब्दाचा जाब विचारू शकतील असे होते म्हणून.

आपल्याकडे लग्न हे मुळातच दाखविण्यासाठी आणि सांगण्यासाठी असते. मांडव दारापुढे घालावयाचा, वरात गावातून काढावयाची, रुखवत सर्वांना दिसेल असे मांडावयाचे आणि पत्रिकेवर चुलतचुलत्यांपर्यंत सर्वांची नावे छापावयाची, हा सारा खटाटोप त्याचसाठी. म्हणून, लग्न समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस ही काही परकी खोड आपल्या घरात शिरली आहे, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. या हौसेला गेल्या काही वर्षांत जे बळ आले, त्याच्या मुळाशी एक दुःखाचा काळही आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लग्नास पन्नास माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात ती पंचवीस माणसांवर आणि दोन तासांवर आणण्यात आली, आणि ज्या आजोबांनी नातीच्या लग्नासाठी वर्षभर दिवस मोजले होते त्यांनी तो सोहळा घरी बसून मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. नेमक्या त्याच सुमारास, जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. टाळेबंदी उठली, परंतु पडदा मांडवातून गेला नाही.

आता खेड्यापाड्यांतही बस्ता बांधण्याआधी छायाचित्रकार ठरतो. लग्नापूर्वीचे चित्रीकरण, ज्याला सर्वजण प्री-वेडिंग म्हणतात, त्यासाठी तलाव, घाट, जुने वाडे आणि फुललेली शेते शोधली जातात. हळदीच्या दिवशी सर्वांनी एका रंगाचे कपडे घालावयाचे असतात. नवरीच्या प्रवेशाला गाणे, धूर आणि फुलांची छत्री लागते. आणि यांतील प्रत्येक प्रसंग तीस सेकंदांत मावेल असा आखावा लागतो, कारण पाहणाऱ्याचे बोट पडद्यावर थांबले तर पहिल्या दोनतीन सेकंदांतच थांबते. शिवाय चौकट उभी असते, नवास सोळा या प्रमाणाची. या उभ्या चौकटीचा परिणाम आपण पुरेसा ओळखलेला नाही. पूर्वीच्या लग्नातले समूहचित्र आडवे असे. त्यात सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले, खुर्च्यांवरचे वडीलधारे, मागे दाटीने उभ्या राहिलेल्या मावश्या-आत्या आणि अगदी कडेला डोळे मिटलेला एखादा मामा, असे सगळे गोत मावत असे. उभ्या चौकटीत फक्त दोघे मावतात. बाकीचे गोत चित्राच्या बाहेर जाते, आणि चित्रासाठीच सारी मांडणी होऊ लागली की हळूहळू मांडवातही ते बाहेरच पडते.

बुलढाण्याजवळच्या एका मंगल कार्यालयात, वैशाखातल्या दुपारी, हे मी प्रत्यक्ष पाहिले. नवरीच्या प्रवेशाचे चित्रीकरण लांबल्याने मुहूर्त टळून बराच वेळ झाला होता. कूलरच्या झोतात बसूनही वऱ्हाडी मंडळी पदराने, पत्रिकेने वारा घेत होती. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा व्यासपीठाच्या कडेला चार छायाचित्रकार, त्यांचे दोन मदतनीस आणि मोबाईल उंच धरलेले नवरदेवाचे मित्र अशी एक भिंतच उभी राहिली. पहिल्या रांगेत नवरीची आजी होती. तिने मुठीत धरलेल्या अक्षता घामाने ओल्या होऊन तळहाताला चिकटल्या होत्या, आणि शेवटच्या सावधानला तिने त्या टाकल्या त्या एका छायाचित्रकाराच्या पाठीवर पडल्या. यानंतर जे घडले ते मला अधिक लागले. अंतरपाट दूर होतानाचा क्षण नीट टिपला गेला नाही म्हणून तो पुन्हा धरावयास सांगण्यात आले. गुरुजींनी काही न बोलता तो धरला, आणि ज्यांची दृष्टिभेट होऊन गेली होती त्या दोघांनी ती पुन्हा करून दाखविली. आजी तोवर खाली बसली होती.

चित्रीकरणाच्या स्थळांच्या बाबतीतही थोडा विवेक हवा. लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. परंतु ते विवर अभयारण्य आहे आणि तेथील दैत्यसूदन मंदिर संरक्षित स्मारक आहे, तेव्हा तेथे प्रकाशयंत्रे व रंगीत धुराच्या नळकांड्या घेऊन जाण्यापूर्वी त्या त्या खात्याची लेखी परवानगी घेणे हे वधूवरांचे कर्तव्यच आहे. ड्रोनचेही तसेच. २०२१ च्या ड्रोन नियमावलीप्रमाणे यंत्राची नोंदणी लागते, आणि २५० ग्रॅमहून जड यंत्र व्यवसायासाठी उडविणाऱ्यापाशी चालकाचे प्रमाणपत्र असावे लागते. मांडवात मुले असतात, म्हणून ते पाहून घेण्यात संकोच करू नये.

कायद्याच्या दोन गोष्टी तर प्रत्येक यजमानाने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने विवाहविधीत आणि वरातीसारख्या लग्नाच्या इतर समारंभांत गाणी वाजविण्यास मुभा दिली आहे, आणि त्यासाठी कोणी शुल्क मागू नये असे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये स्पष्टही केले. परंतु ही मुभा मांडवातल्या वादनापुरती आहे, आणि तेच गाणे चित्रफितीस जोडून ती समाजमाध्यमावर चढविली की निराळा हक्क लागू होतो, म्हणूनच अशा कित्येक फितींचा आवाज आपोआप बंद केला जातो. दुसरी गोष्ट १७ व्या कलमाची. मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा व चित्रफितीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, पैसे देऊन काम सांगणारा असतो. मात्र विसार देताना ज्या छापील कागदावर आपण न वाचता सही करतो त्यातच बहुधा तो विरुद्ध करार असतो, आणि मग आपल्या लेकीच्या हळदीची चित्रे छायाचित्रकाराच्या जाहिरातीत झळकली की घरात वाद माजतो.

पत्रिकेविषयीही सावध राहिले पाहिजे. घराचा पत्ता, मोबाईल क्रमांक आणि कुटुंब अमुक दिवशी कोठे असणार ही सारी माहिती देणारा कागद आपण आता ओळखीच्या-अनोळखी सर्व गटांत पाठवितो. उलट, पत्रिका म्हणून आलेली एपीके नावाची फाईल उघडल्याने लोकांची बँकखाती रिकामी झाल्याचे प्रकार महाराष्ट्रातही घडले आहेत. २०२५ मध्ये हिंगोलीतील एका शासकीय कर्मचाऱ्याचे असेच सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका चित्राच्या वा पीडीएफच्या स्वरूपात असते, एपीके हे मोबाईलमध्ये शिरणारे ॲप असते, एवढे घरातील वृद्धांना समजावून सांगावे, आणि फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

खर्चाचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत आपला बुलढाणा होता. येथील लग्न कापूस-सोयाबीनच्या पैशावर उभे राहते, आणि त्यांचा भाव पडला की सावकाराच्या पैशावर. पूर्वी शेजारच्या गावातले लग्न पाहून आपले लग्न ठरत असे, आणि त्या गावाची ऐपत साधारण आपल्याएवढीच असे. आता ऐपतीची तुलना मुंबई-जयपूरच्या लग्नांशी होते, आणि मुलगी हट्ट करीत नसली तरी बाप स्वतःच ओशाळा होऊन कर्ज काढतो. २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे मराठा समाजाच्या मंडळींनी लग्नासाठी आचारसंहिता केली, पाहुणे शंभर-दोनशेपर्यंत ठेवावेत, डीजे नको, प्री-वेडिंग नको असे ठरविले, त्यामागे हीच तळमळ होती. अशा ठरावांनी हौस संपत नाही हे खरे, पण ज्याला खर्च नको आहे त्याला नाही म्हणण्यासाठी आधार मिळतो, आणि तो मोठा आहे.

जगाला दाखवावे असे लग्नात काही असतेच. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिला विवाह लावला तेव्हा, वधूवरांनी सर्वांना कळेल अशा मराठीत एकमेकांना वचने द्यावीत आणि वधूने स्त्रियांच्या हक्कांची मागणी भर मांडवात करावी, अशी त्या पद्धतीची योजना होती. आजच्या एखाद्या जोडप्याने आपल्या शब्दांत दिलेली वचने, स्वच्छ आवाजात, दूरदेशी असलेल्या काकांपर्यंत पोहोचविली तर त्यासारखे सुंदर काही नाही. त्यासाठी एक कॅमेरा वडीलधाऱ्यांच्या मागे उंचावर स्थिर ठेवावा, चौकट आडवी घ्यावी, एक ध्वनिग्राहक वधूवरांपाशी द्यावा, आणि फीत घरची मंडळी परतल्यावर पाठवावी. विवाहनोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ती माणसे पहिल्या रांगेत बसवावीत. आणि छायाचित्रकाराशी करारनामा करताना पैशाच्या आकड्याच्याही वर एक ओळ स्वच्छ अक्षरांत लिहून घ्यावी: मंगलाष्टके सुरू झाल्यापासून अक्षता पडेपर्यंत, वधूवर आणि पुढच्या तीन रांगा यांच्या मध्ये कोणीही उभे राहणार नाही.